वत्सलरावांच्या गावची बिननावाची वेल

ती वेल मी मारली आणि नाव माळ्याचं सांगितलं. चेक देशातल्या एका लहानशा द्राक्षगावाविषयी लिहायला बसलो आहे. पण तिथे मी हौसेने फिरायला गेलो होतो असा कुणाचा समज होऊ नये, म्हणून हे आधीच सांगून टाकतो.

हुफूफ

मी निफाड तालुक्यातला. आमची द्राक्षबाग आता थोरला भाऊ पाहतो. मी इंजिनिअर होऊन आधी सौदीतल्या जुबैलला आलो आणि मग हुफूफजवळच्या एका प्लांटवर. वीसेक वर्षं झाली असतील. आमच्या कॅम्पात शेजारच्या घरात चेक देशातून आलेले एक वयस्क इंजिनिअर राहत. नाव व्हात्सलाव्ह. ते कुणालाच धड म्हणता येईना. माझ्या बायकोने पहिल्याच आठवड्यात त्याचं ‘वत्सलराव’ करून टाकलं, आणि कॅम्पातल्या चार मराठी घरांत ते याच नावाने ओळखले जाऊ लागले. नावाचा अर्थ सांगितला तेव्हा ते म्हणाले, “माझ्या आईने एवढा विचार केला नव्हता.”

त्यांच्या अंगणात भिंतीलगत एक द्राक्षवेल होती. गावाहून येताना त्यांनी एक काडी ओल्या मोज्यात गुंडाळून आणली होती. ही आपल्या तळघराच्या भिंतीवरच्या जुन्या वेलीची मुलगी, असं ते सांगत. पुढे गावात सांडपाण्याचे पाइप टाकताना तिथली आई उपटली गेली आणि हुफूफची मुलगी तेवढी राहिली. जात कोणती, हे त्यांना ठाऊक नव्हतं. निवृत्त झालो की हिच्या काड्या परत घेऊन जाणार, असं मात्र दर हिवाळ्यात म्हणत.

छाटणीवरून आमचे वाद चालत.

“तुम्ही वर्षातून दोनदा कापता?”

“दोनदा. एप्रिलमध्ये नव्या काड्यांसाठी खरड छाटणी, ऑक्टोबरात घडांसाठी गोडी.”

“मग ती बिचारी झोपते कधी?”

“आमच्याकडे झोपायला सवड नसते, वत्सलराव.”

“म्हणूनच तुमची द्राक्षं गोड आणि बिनडोक,” ते म्हणत. बिनबियांच्या द्राक्षांना त्यांनी ठेवलेलं ते नाव होतं.

दोन वर्षांपूर्वी वसंतात त्यांचं फुफ्फुसाचं दुखणं वाढलं आणि ते उपचारांसाठी गावी गेले. जाताना वेलीवर बारीक घड दिसू लागले होते, पहिल्यांदाच. मला म्हणाले, “फक्त पाणी.” पाणी घालायला कॅम्पाचा माळी शमशाद होताच. बिहारमधल्या सिवानचा, शांत माणूस. मी नुसतं लक्ष ठेवायचं होतं.

एप्रिलमध्ये भावाचा फोन आला. बागेत खरड छाटणी चालली होती आणि फोनमधून कात्र्यांचा आवाज येत होता. त्या आवाजाने माझे हात शिवशिवले. एप्रिल म्हणजे छाटणी, हे मी लहानपणापासून अंगात मुरवलेलं. शुक्रवारी सकाळी घरून आणलेली कात्री घेतली आणि त्या वेलीची एकेक काडी, नवे कोंब फुटायचे डोळे राखून, खाली उतरवली. घड गेले. मनात म्हटलं, पुढच्या खेपेला दुप्पट येतील. इतका आनंद मला सौदीत क्वचितच झाला असेल. संध्याकाळी बायकोला म्हणालोसुद्धा, आज आपण निफाडला जाऊन आलो.

पण निफाडचा उन्हाळा वेगळा आणि इथला वेगळा. मे महिन्यात वाळवंटातून तापलेला वारा सुटला. उघडं पडलेलं खोड भाजून निघालं. फुटलेले कोंब काळे पडले. कॅम्पाच्या ऑफिसातला बशीर, कोझिकोडचा, विचारायला आला. वत्सलरावांनी त्याच्याकडे फोनवर वेलीची चौकशी केली होती.

“सर, ये किसने काटा?”

मी म्हणालो, “माली ने काटा होगा।”

त्या ‘होगा’च्या आड मी दोन वर्षं लपून राहिलो. मी तर नुसती शंका बोललो होतो, असं स्वतःला समजावत राहिलो. ऑफिसच्या दारातून आत जाईपर्यंत तो ‘होगा’ गळून पडला. मोठ्या साहेबांच्या झाडाची नासधूस म्हणून कंत्राटदाराने शमशादला तिथून हलवलं आणि हफ्र अल बातिनला हायवेच्या कडेची झाडं सांभाळायला पाठवलं. आपली पिशवी उचलून तो गेला, ते मी खिडकीतून पाहिलं.

जूनमध्ये वत्सलराव सामान आवरायला आले. वाळलेल्या खोडापाशी बराच वेळ उभे राहिले. कापलेल्या टोकांवरून बोट फिरवत म्हणाले, “हवा कडक आहे इथली.” आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला. पुढच्या हिवाळ्यात ते त्यांच्या गावी गेले. हे ‘गेले’ मी दोन्ही अर्थांनी लिहितो.

गाव

गावाचं नाव लिहीत नाही. त्या घराला विचारलेलं नाही.

व्हिएन्नाहून रेल्वेने सीमा ओलांडली की जमीन हळूहळू उंच-सखल होत जाते. ऑक्टोबर नुकताच संपला होता. टेकड्यांवर द्राक्षाच्या ओळी पिवळ्या पडलेल्या, मधूनच एखादी लाल. आमच्याकडे मांडवावर किंवा इंग्रजी ‘वाय’च्या आकारात ताणलेल्या तारांवर बाग डोक्यावर येते, माणूस तिच्या सावलीत काम करतो. इथे वेली कमरेइतक्या, एका रांगेत उभ्या असतात. पानं गळताना मी द्राक्षबाग पहिल्यांदाच पाहत होतो. झोपणारी वेल म्हणजे काय, ते पन्नाशीत कळलं.

बसथांब्यावर लुडमिलाबाई आल्या होत्या. वत्सलरावांच्या पत्नी. दर हिवाळ्यात हुफूफला येऊन राहत, त्यामुळे ओळख जुनी. इंग्रजी तुटक, पण अडत नाही. त्यांच्याकडे माणसाला हुद्द्याने हाक मारायची रीत आहे, म्हणून मी त्यांच्यासाठी कायम ‘इंजिनिअरसाहेब’.

“इंजिनिअरसाहेब, बारीक झालात. बायको जेवायला घालत नाही?”

“घालते. पचत नाही.”

“मग इथे पचेल. इथे थंडी आहे.”

मी हुफूफची खजूर नेली होती, खलास जातीची. त्यांनी डबा छातीशी धरला. वत्सलरावांना ही जात फार आवडायची. आमच्या भाषेत खलास म्हणजे संपलं, हे मी एकदा त्यांना सांगितलं होतं. तेव्हापासून डबा रिकामा झाला की ते मुद्दाम मराठीत ओरडायचे, “खलास खलास!” लुडमिलाबाईंनी त्यांची नक्कल केली.

गाव म्हणजे एक मुख्य रस्ता, चर्च, बंद पडलेलं दुकान आणि टेकडीच्या पोटात खोदलेली तळघरांची रांग. घरं खाली, तळघरं वर. प्रत्येक कुटुंबाचं एक, पुढे रंगवलेली कमान आणि जाड लाकडी दार. संध्याकाळी लोक तिथे बसतात. हा त्यांचा पारच. फरक एवढाच की गप्पांबरोबर पिंपातून वाइन येते. पिढ्यान्पिढ्या तिथे बसून त्याच गोष्टींवर भांडतात, असं लुडमिलाबाई म्हणाल्या. आता तरुण पोरं शहरात गेली, उरलेले विकतचं खतपाणी आणि सरकारी अनुदान यावर भांडतात. निफाडच्या पारावर याहून वेगळं काही चालत नाही.

रांगेतल्या प्रत्येक दाराशी त्या थांबल्या. मला दाखवलं, म्हातारे उठले, हस्तांदोलन झालं. एक हिरवं दार मात्र त्यांनी मान न वळवता ओलांडलं. दारात एक गृहस्थ बसले होते. त्यांनीही वर पाहिलं नाही.

“यांच्याशी बोलत नाही?”

“उद्या सांगेन. आधी जेवा.”

त्यांच्या तळघरात शिरताना कमानीला माझं कपाळ चांगलंच आपटलं. प्रत्येक पाहुण्याचं आपटतं म्हणे. आत भिंतींवर काळी मऊ बुरशी, मांजराच्या पाठीसारखी. ती असली तर वाइन चांगली. त्यांनी काचेची लांब नळी पिंपात सोडून तोंडाने वाइन ओढली आणि दोन पेल्यांत सोडली. पेला पेल्याला लावताना म्हणाल्या, “डोळ्यात बघायचं. न बघता प्यायलं तर पुढची वर्षं वाईट जातात.”

मी पेल्यातच पाहत राहिलो.

“गेली तुमची वर्षं,” त्या म्हणाल्या. हसत म्हणाल्या, पण मला ते लागलं.

दिवे

दुसऱ्या दिवशी त्यांच्याकडे पितरांचा सण होता. सगळं गाव दुपारीच दफनभूमीत जमलं. थडगी घासायची, सुकलेली फुलं काढायची, काचेच्या डब्यांत मेणबत्त्या लावायच्या. आमच्याकडे दिवाळी नुकतीच झाली होती. हुफूफमध्ये घराच्या आत, पडदे लावून आम्ही पणत्या मांडल्या होत्या. इथे तसेच दिवे उघड्यावर, थंड वाऱ्यात, मेलेल्यांसाठी. जिवंत माणसं हलक्या आवाजात भाव, हवा, मुलांची लग्नं यांवर बोलत होती.

वत्सलरावांच्या दगडावर मी दिवा लावला. काडी तीनदा विझली.

मग लुडमिलाबाई मला मागच्या भिंतीकडे घेऊन गेल्या. तिथे जुने, कलंडलेले दगड होते. नावं जर्मन. त्यांतल्या एकावर त्यांनी आपल्या पिशवीतला दिवा लावला.

“हे कोण?”

“आमच्या घराचे मालक.”

मग त्यांनी गावाची हकीकत सांगितली. पूर्वी इथे जर्मन बोलणारी कुटुंबं पुष्कळ होती. महायुद्ध संपल्यावर त्यांना गाडीत घालून सीमेपलीकडे पाठवलं. मुलं, म्हाताऱ्या, सगळ्यांना. चुलीवरची भांडी तशीच राहिली. त्या रिकाम्या घरांत डोंगराळ भागातून आलेली चेक कुटुंबं बसवली. वत्सलरावांचे वडील त्यांतले. घर मिळालं, बाग मिळाली, तळघराच्या भिंतीवर चढलेली ती वेल मिळाली. पण द्राक्ष कसं पिकवायचं हे सांगायला कुणी उरलं नव्हतं. वेलीची जात ज्यांना ठाऊक होती ते निघून गेले होते.

“म्हणून तिला नाव नाही,” त्या म्हणाल्या. “नाव त्यांच्याबरोबर गेलं.”

वत्सलरावांचे वडील चुकत-माकत शिकले. मग कम्युनिस्ट राजवट आली, बागा सामूहिक शेतीत ओढल्या गेल्या. सगळं पीक जमा करायचं. त्यांनी दोन पिंपं तळघराच्या मागच्या भिंतीआड विटा लावून लपवली, मुलाच्या लग्नात काढू म्हणून. शेजारच्या पाव्हेलने सरकारी ऑफिसात जाऊन त्यांचं नाव सांगितलं. वडिलांना पकडून नेलं. परत आले तेव्हा खोकत आले आणि खोकतच गेले. हिरवं दार त्या पाव्हेलच्या घरचं. काल बसला होता तो त्याचा मुलगा.

“पाव्हेलने कधी माफी मागितली नाही?”

“एका वर्षी तोडणीच्या दिवशी न बोलावता आला. दिवसभर आमच्या ओळीत द्राक्षं तोडली. सासऱ्यांनी त्याला जेवायला वाढलं. त्याला बोलायचं होतं, सगळ्यांना दिसत होतं. जेवला आणि गेला. पुढच्या वर्षीही आला, तसाच. तोंडातून शब्द काढला नाही. मग मेला. आता त्याचा मुलगा काय करणार आणि मी काय करणार? ज्याने बोलायचं तो बोलला नाही.”

मी म्हणालो, “लुडमिलाबाई, तळघरात जाऊ या का? मला काही सांगायचं आहे.”

तळघरात त्यांनी पिंपाला हात लावला नाही. मी उभ्याउभ्या सांगितलं. एप्रिल, कात्री, बशीर, सगळं. मध्ये मध्ये इंग्रजी शब्द सापडेना, तेव्हा बोटांनी कात्री करून दाखवली.

“ठाऊक आहे,” त्या म्हणाल्या.

“तुम्हाला?”

“व्हात्सलाव्हला जूनमध्येच कळलं. कुंपणाची झुडपं कापणारा माळी असा डोळे राखून तिरपा काप घेत नाही, म्हणाला. घरी आल्यावर मला सांगितलं, माझ्या मित्राने तिला फार प्रेमाने कापली. महिना तेवढा चुकला.”

“मग मला का बोलले नाहीत?”

“तू बोलशील म्हणून थांबला. अगदी शेवटीसुद्धा विचारायचा, हुफूफहून फोन आला का?”

मी कोपऱ्यातल्या उलट्या टोपलीवर बसलो.

“त्याने ऑफिसला सांगितलं, माळ्याला परत आणा,” त्या पुढे म्हणाल्या. “ते म्हणाले, मग कुणी कापली ते सांगा. तो म्हणाला, ते सांगणार नाही. आमच्या घरातून ऑफिसात कुणाचं नाव जात नाही. त्यामुळे माळी तिथेच राहिला. यावर मी व्हात्सलाव्हशी भांडले आहे. त्याला तुला वाचवायचं होतं आणि शमशाद राहून गेला. त्याचं ते चुकलं. मरायच्या आधी त्यानेही ते कबूल केलं.”

मी म्हणालो, “मला क्षमा करा.”

“ती इथे ठेवू नकोस.” त्यांनी हात वर केला. आजवर त्या मला अहो-जाहो करत आहेत असंच मला वाटायचं, पण त्या दिवशीचा त्यांचा सूर माझ्या कानात एकेरीच राहिला आहे. “वेल आमची होती. ती गेली, ते मी सोडून दिलं. शमशाद कुठे आहे?”

“हफ्र अल बातिनला असेल.”

“असेल?” त्यांनी विचारलं.

त्या रात्री जेवताना त्या माझ्याशी हवेविषयी बोलल्या आणि मीही.

सकाळी निघताना त्यांनी खसखशीचं सारण भरलेल्या गोल पोळ्यांची पिशवी हातात दिली. इतकी खसखस मी कित्येक वर्षांत पाहिली नव्हती. सौदीत खसखस नेता येत नाही, तिथे ती अमली पदार्थांत धरतात. आमच्या बायका दिवाळीत अनारशांसाठी हळहळतात आणि तीळ लावून वेळ मारून नेतात. हे सांगायचं धैर्य झालं नाही. विमानतळावर कोपऱ्यात बसून जमतील तेवढ्या खाल्ल्या, बाकीच्या तिथे झाडणाऱ्या एका बाईला दिल्या आणि मग स्वच्छतागृहात जाऊन कोटाच्या घड्या उलटून एकेक दाणा झटकला. लोक पाहत होते. दाणे काही केल्या संपत नव्हते.

हफ्र अल बातिन

परत आल्यावर आधी बशीरकडे गेलो. सगळं सांगितलं. त्याने खुर्ची मागे सरकवली.

“सर, दो साल हो गया। साहब भी नहीं रहे। खलास।”

“खलास नहीं, बशीर। उसका नाम साफ करो। मेरा डालो।”

“आपका डालूँगा तो ऊपर से पूछेंगे।”

“पूछने दो।”

वरून विचारलं. मला समज मिळाली, खाली मान घालून ऐकली. शमशादची इथली जागा मात्र भरली गेली होती. इतकंच कळलं की तो अजून तिथेच आहे. ‘असेल’ नाही, आहे.

पुढच्या शुक्रवारी पहाटे निघालो. बायको म्हणाली, “मी येते.” मी नको म्हटलं. तिने डबा दिला आणि बजावलं, “इकडचं तिकडचं बोलत बसू नका. आधी ते बोला.”

हुफूफच्या खजुरीच्या बागा मागे पडल्या की पुढे काहीच नाही. सपाट वाळू, विजेचे खांब, उंटांसाठी लावलेली जाळी. गावाच्या अलीकडे हायवेच्या दोन्ही बाजूंना झाडांची रांग सुरू होते, बाभळीसारखी, धुळीने राखाडी झालेली, बुंध्याशी पाण्याची काळी नळी. पाखरूसुद्धा सावली शोधत नाही अशी झाडं. दोन उन्हाळे तो याच रस्त्यावर उभा होता.

नमाज होऊन माणसं खोलीवर जेवायला बसली होती. पत्र्याच्या लांब खोलीत जमिनीवर प्लास्टिक अंथरलेलं, मधोमध भाताचं मोठं ताट, भोवती सात-आठ जण. शमशादने मला पाहिलं आणि हात धुतलेला नसतानाच उठला. दाढी पांढरी झाली होती.

“अरे साहब! आप इधर? आइए, बैठिए। ए, जगह दो साहब को।”

मी बसलो. ताटात माझ्या बाजूला मटणाचा मोठा तुकडा सरकवला गेला. पलीकडचा एक तरुण हसत म्हणाला, “शमशाद चाचा, यही वाले साहब का बेल काटे थे क्या?”

सगळे हसले. शमशादही हसला. “हाँ भाई, हम ही काटे थे।”

मी त्याच्याकडे पाहिलं. तो हळू आवाजात मला म्हणाला, “शुरू में बोलते थे, नहीं काटे। कोई मानता नहीं था। अब हाँ बोल देते हैं। बात जल्दी खतम होती है।” मग जणू मलाच अवघड वाटू नये म्हणून विषय बदलला. “घर में सब ठीक? भाभीजी? हमारी भी बेटी का निकाह हो गया, साहब।”

“गए थे?”

“कहाँ। नई जगह आए तो छुट्टी फिर से गिनने लगे। विदाई मोबाइल पर देखे। नेटवर्क जा रहा था, तो उधर टंकी पर चढ़कर देखे।” त्याने भाताचा घास केला. “रो रही थी, पर आवाज नहीं आ रहा था।”

बायकोने सांगितलं होतं, आधी ते बोला. मी आधी बसलो होतो, आधी जेवायला हात घातला होता. दिवसभर ओळीत द्राक्षं तोडून जेवून गेलेला पाव्हेल मला दिसला. ताटातला हात मी बाहेर काढला. उभा राहिलो. ज्यांच्यासमोर त्याची थट्टा झाली होती ते सगळे समोर असताना बोलायचं होतं. खोलीत पंख्याचा आवाज होता, म्हणून मोठ्याने बोललो.

“आप लोग भी सुन लीजिए। शमशादभाई, वो बेल आपने नहीं काटी। मैंने काटी थी, अपने हाथ से, और बशीर ने पूछा तो नाम आपका ले लिया। मेरी वजह से आप यहाँ आए, मेरी वजह से बेटी की विदाई में नहीं थे। मैं आपसे माफी माँगता हूँ।”